लस आधी स्वतःला टोचून घेणारा शास्त्रज्ञ : वाल्देमार हाफकिन

१० जानेवारी १८९७ रोजी मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात वाल्देमार हाफकिन या ३६ वर्षांच्या जीवाणूशास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. लसीची मात्रा १० घन सेंटिमीटर होती. पुढे इतरांना जी मात्रा द्यायचे त्यांनी योजले होते, तिच्या तिपटीहून ही मात्रा अधिक होती. काही तासांतच त्यांना ताप भरला, अंग दुखू लागले. काही दिवसांत ताप उतरला आणि ते पुन्हा कामाला लागले. प्लेगवरील प्रतिबंधक लसीची मनुष्यावरील चाचणी अशा रीतीने सुरू झाली.

त्या वेळी मुंबई शहर प्लेगच्या विळख्यात सापडले होते. लाखो नागरिक शहर सोडून गावाकडे निघाले होते. गिरण्यांतील काम मंदावले होते आणि स्मशाने व दफनभूमी अपुऱ्या पडत होत्या. रुग्णांच्या जवळ जाणारे डॉक्टर, परिचारिका आणि सेवक यांनाही या रोगाने सोडले नाही. पुण्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत असतानाच रोगाच्या तडाख्यात सापडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईतील रुग्णालयात प्लेगचा अभ्यास करण्यासाठी ऑस्ट्रियाहून आलेले डॉ. हेर्मान म्युलर मायदेशी सुखरूप परतले; परंतु पुढच्याच वर्षी, १८९८ च्या ऑक्टोबरमध्ये, व्हिएन्नातील प्रयोगशाळेत झालेल्या संसर्गाने आधी तेथील सेवक, त्यानंतर त्याच्यावर उपचार करणारे स्वतः डॉ. म्युलर आणि शेवटी एक परिचारिका असे तिघे दगावले.

रुग्णाची सेवा करणाऱ्यालाच रोग गाठतो, मग त्याचे संरक्षण कसे करावे, हा प्रश्न कोरोनाच्या साथीत नव्याने उभा राहिला. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात कोरोना प्रतिबंधक लसीकरणाला प्रारंभ झाला, तेव्हा पहिल्या रांगेत रुग्णालयांतील आरोग्य कर्मचारीच होते. या प्रश्नाचे भारतातील पहिले शास्त्रीय उत्तर शोधणाऱ्यांमध्ये हाफकिन यांचे नाव अग्रभागी आहे. परळ येथील हाफकिन संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. तथापि, या नावामागील मनुष्याने काय सोसले, याची माहिती मात्र अनेकांना नसते.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे. ओडेसा येथील विद्यापीठात शिकत असताना त्यांना एली मेचनिकॉफ हे गुरू लाभले. शरीरातील विशिष्ट पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा सिद्धान्त मांडून मेचनिकॉफ पुढे जगप्रसिद्ध झाले आणि १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोगाशी शरीर कसे झुंजते, या विषयाची गोडी हाफकिन यांना याच सहवासात लागली.

त्या काळी रशियात ज्यूंवर वारंवार हल्ले होत असत. ओडेसात दंगल उसळली तेव्हा ज्यू वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते. त्यांना दुखापत झाली आणि अटकही झाली. मेचनिकॉफ यांच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली. धर्म बदलून रशियन ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला असता तर विद्यापीठातील प्राध्यापकपदाचा मार्ग त्यांच्यासाठी मोकळा होता. त्यांनी त्यास नकार दिला. काही वर्षे प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करून १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. जिनिव्हा येथे अल्पकाळ राहून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेचनिकॉफ तेथे आधीच पोहोचले होते. त्या वेळी संस्थेत केवळ ग्रंथपालाची जागा रिकामी होती. हाफकिन यांनी ती आनंदाने स्वीकारली आणि ग्रंथालयाच्या कामातून उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवला.

त्यांनी पहिले लक्ष पटकीच्या, म्हणजेच कॉलऱ्याच्या, जंतूंवर केंद्रित केले. एकीकडे या जंतूंना क्षीण करून आणि दुसरीकडे गिनिपिगच्या शरीरातून वारंवार नेऊन त्यांची तीव्रता वाढवून त्यांनी दोन प्रकारची लस सिद्ध केली. आधी सौम्य लस आणि काही दिवसांनी तीव्र लस, असा हा क्रम होता. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, काही दिवसांत तो ओसरलाही. त्यानंतर त्यांच्या काही मित्रांनीही ती टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी आपले निष्कर्ष पॅरिसमधील शास्त्रज्ञांसमोर मांडले. अनेक ज्येष्ठांनी त्यांकडे साशंकतेने पाहिले.

कोलकात्यातील वस्ती

लसीची खरी कसोटी साथीच्या प्रदेशातच लागणार होती. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या प्रयत्नांमुळे हाफकिन यांना भारतात काम करण्याची संधी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कोलकात्यात दाखल झाले. पुढील महिन्यात आग्रा येथून लसीकरणास प्रारंभ झाला. सुमारे दोन वर्षांत ४० हजारांहून अधिक व्यक्तींना पटकीची लस टोचण्यात आली.

या कामात अडचणींची वाण नव्हती. हाफकिन यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. ते रशियातून आलेले होते, धर्माने ज्यू होते आणि फ्रान्समधील संस्थेत घडले होते. साहजिकच भारतातील ब्रिटिश वैद्यकीय सेवेतील अनेक अधिकाऱ्यांना त्यांच्याविषयी विश्वास वाटत नव्हता. सर्वसामान्य जनतेलाही सुईची आणि सुई टोचणाऱ्याची भीती वाटत होती.

मार्च १८९४ मध्ये कोलकात्यातील कट्टल बागान या वस्तीत पटकीचे रुग्ण आढळले. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली, उर्वरित घेऊ शकले नाहीत. त्यानंतर वस्तीत आणखी १० जणांना पटकी झाली आणि त्यांपैकी ७ जण दगावले. हे सर्व रुग्ण लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या लोकांमध्ये दिसलेला हा फरक बोलका होता. कोलकात्याच्या आरोग्य विभागाने यानंतर लसीकरणाला पाठबळ दिले. सततच्या प्रवासात हाफकिन यांना हिवतापाने ग्रासले आणि १८९५ मध्ये त्यांना विश्रांतीसाठी युरोपला परतावे लागले. प्रकृती पुरेशी सुधारलेली नसतानाही ते १८९६ मध्ये पुन्हा भारतात आले.

एक खोली, एक व्हरांडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. रोगाचे जंतू दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधून काढले होते. परंतु उंदरावरील पिसवांमार्फत तो माणसापर्यंत पोहोचतो, हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. त्यामुळे घरे धुणे, सामान जाळणे, रुग्णांना व त्यांच्या आप्तांना छावण्यांत हलवणे, असे उपाय सक्तीने योजले गेले. लोकांचा संताप अनावर झाला. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत ऑर्थर रोड येथील साथरोग रुग्णालयावर गिरणी कामगारांच्या जमावाने हल्ला केला. पुण्यात सैनिकांकरवी झालेल्या झडत्यांमुळे क्षोभ वाढला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. काही दिवसांतच रँडचा मृत्यू झाला.

सरकारच्या विनंतीवरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली आणि व्हरांडा देण्यात आला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. जगाला हवी असलेली लस एवढ्या सामग्रीवर तयार करायची होती. हाफकिन दिवसरात्र काम करीत राहिले. मटणाच्या रस्स्यासारख्या द्रवावर तुपाचा पातळ थर तरंगत ठेवला, तर प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढतात, असे त्यांना आढळले. ही वाढ गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या काड्यांसारखी दिसे. बाटली हलवून ही वाढ खाली पाडायची, तुपाखाली पुन्हा नवी वाढ होऊ द्यायची आणि पुरेसे जंतू जमले की उष्णता देऊन ते मारून टाकायचे, अशी ही पद्धत होती. भारतीय समाजाच्या धार्मिक भावनांचा विचार करून त्यांनी गोमांसाऐवजी बकऱ्याच्या मांसाचा उपयोग केला.

या लसीमागील विचार आजही शिकण्यासारखा आहे. मेलेला जंतू रोग निर्माण करू शकत नाही. परंतु त्याची ओळख शरीराला पटते. रक्तातील विशिष्ट पेशी त्या ओळखीनुसार प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी, तयार करू लागतात. या तयारीला काही दिवस लागतात. नंतर खरा जंतू शरीरात शिरला तर त्याचा मुकाबला करण्यास शरीर सज्ज असते. याच सुमारास येर्सिन घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेला रक्तद्रव घेऊन मुंबईत आले होते. त्यात आयती प्रतिपिंडे होती आणि रुग्णाला बरे करणे हा त्याचा उद्देश होता. मुंबईत त्याचा अपेक्षित गुण आला नाही. आयती प्रतिपिंडे काही काळात नाहीशी होतात, तर लस शरीरालाच ती तयार करण्यास शिकवते. हाफकिन यांनी हा दुसरा मार्ग निवडला होता.

कारागृहातील कसोटी

स्वतःवरील प्रयोगानंतर महाविद्यालयाशी संबंधित काही व्यक्ती आणि शहरातील काही नागरिक लस घेण्यास पुढे आले. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या कारागृहात प्लेगचे रुग्ण आढळू लागले. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. पुढील काही दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी डझनभर कैद्यांना प्लेग झाला आणि त्यांपैकी सुमारे निम्मे दगावले. लस घेतलेल्यांत दोघे आजारी पडले आणि दोघेही बचावले. सर्वांचे अन्न, पाणी आणि निवारा एकच होता. त्यामुळे फरक कशामुळे पडला, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नव्हती.

त्यापुढची चाचणी बडोदा संस्थानातील उंधेरा या गावी १८९८ च्या प्रारंभी झाली. तेथे प्रत्येक कुटुंबातील साधारण अर्ध्या व्यक्तींना लस देण्यात आली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ जण मरण पावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि त्यांपैकी २६ जण मरण पावले. लस परिपूर्ण नव्हती. ती घेऊनही काहींना रोग होत होता. परंतु मृत्यूचे प्रमाण तिने मोठ्या प्रमाणात खाली आणले होते. रक्तातील प्रतिपिंडे मोजण्याची सोय तेव्हा जवळजवळ नव्हतीच. किती आजारी पडले आणि किती वाचले, हीच हाफकिन यांची मोजपट्टी होती आणि ती ते अत्यंत काटेकोरपणे वापरीत असत.

आकड्यांनी शास्त्रज्ञांचे समाधान झाले, तरी जनतेचा विश्वास केवळ आकड्यांवर बसत नाही. तो बसावा यासाठी समाजातील मान्यवरांचा पुढाकार आवश्यक होता. तरुण आगाखान तिसरे यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि खोजा समाजातील हजारो व्यक्तींनी त्यांचे अनुकरण केले. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही उपलब्ध करून दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नर निवासात ‘प्लेग संशोधन प्रयोगशाळे’चे उद्घाटन झाले. एका खोलीत सुरू झालेल्या कामाला भव्य वास्तू लाभली. हाफकिन तिचे प्रमुख झाले. भारतासह अनेक देशांतून लसीची मागणी येऊ लागली.

मुलकोवालची दुर्घटना

यशाच्या शिखरावर असतानाच आघात झाला. पंजाबात प्लेगचा उद्रेक झाल्याने तेथील सरकारने लसीकरणाची मोठी मोहीम हाती घेतली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुलकोवाल या गावी १०७ व्यक्तींना लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांपैकी एका बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना सुमारे आठवडाभराने धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्व १९ जण मृत्यू पावले. इतर चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

एकाच गावातील १९ घरांवर कोसळलेले हे संकट भयंकर होते आणि चौकशी होणे अपरिहार्य होते. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. वाढती मागणी पूर्ण करण्यासाठी हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक आम्ल घालणे बंद करून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत स्वीकारली होती. पॅरिसमध्ये ही पद्धत रूढ होती. मात्र आयोगाने या बदलाकडे बोट दाखवले आणि बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून लंडनला गेले. ज्या देशासाठी त्यांनी स्वतःचा जीव दोनदा धोक्यात घातला होता, तेथे त्यांच्याकडे आता १९ मृत्यूंचे कारण म्हणून पाहिले जाऊ लागले.

चौकशीतील एक गोष्ट मात्र नजरेआड झाली होती. त्या दिवशी गावात बाटली उघडताना तेथील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि योग्य रीतीने निर्जंतुक न करताच तो बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत वास करतात, हे सर्वज्ञात आहे. शिवाय, ही बाटली भरल्यानंतर कित्येक दिवस बंद होती. तिच्यात धनुर्वाताचे जंतू आधीच शिरले असते, तर उघडताक्षणी दुर्गंधी आली असती. बाटली उघडणाऱ्याला तशी दुर्गंधी आली नव्हती. साऱ्या पुराव्याचा कल बाटली गावातच दूषित झाल्याकडे होता.

हाफकिन यांनी आपली बाजू चिकाटीने मांडली. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे दाखवून देणारे आणि नोबेल पारितोषिक मिळवणारे डॉ. रोनाल्ड रॉस त्यांच्या मदतीला धावले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ वृत्तपत्रात रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. फ्रान्समध्ये निरपराध ठरलेल्या ज्यू सैनिकी अधिकारी ड्रायफस यांच्या प्रकरणाशी या घटनेची तुलना होऊ लागली. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन यांना दोषमुक्त करण्यात आले.

अखेरची वर्षे

हाफकिन पुन्हा भारतात आले खरे, परंतु मुंबईच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना परत मिळाले नाही. त्यांची नियुक्ती कोलकात्यात झाली आणि तेथे नव्या लसीच्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना नव्हती. दोषमुक्तीचा कागद हाती आला, पण गेलेली वर्षे आणि गमावलेला अधिकार परत आला नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपला परतले. त्यांनी विवाह केला नाही. उत्तरायुष्यात धर्मचिंतनात त्यांचे मन रमले. पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षण देणाऱ्या पाठशाळांच्या साहाय्यासाठी त्यांनी १९२९ मध्ये आपल्या संपत्तीतून निधी स्थापन केला. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला ‘हाफकिन संस्था’ असे नाव देण्यात आले होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवण्यात आल्या. स्वतंत्र भारतात १९६४ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट प्रकाशित केले.

त्या काळात रक्तातील प्रतिपिंडे मोजता येत नव्हती, आज ती सहज मोजता येतात. कोरोनाच्या साथीत अनेक देशांनी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे रक्त वारंवार तपासले. ब्रिटनमध्ये २५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या ‘सायरन’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकदा संसर्ग होऊन गेलेल्या कर्मचाऱ्यांमध्ये पुन्हा संसर्ग होण्याचा धोका सुमारे ८४ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात दिसून आले. भारतात वापरल्या गेलेल्या लसींपैकी कोव्हॅक्सिन ही निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून तयार केलेली होती. रोगकारकाला निष्प्रभ करून त्याची केवळ ओळख शरीराला करून देण्याचे हेच तत्त्व हाफकिन यांनी परळच्या लसीसाठी वापरले होते.

साधने बदलली, तरी लसीकरणाचा पाया विश्वास हाच राहिला आहे. तो विश्वास निर्माण व्हावा यासाठी हाफकिन यांनी स्वतःचा दंड पुढे केला. मुलकोवालमध्ये तो विश्वास तुटला, तेव्हा घाईने एकाला दोषी ठरवण्यात आले आणि सत्य मान्य होण्यास पाच वर्षे लागली. कोरोनाच्या काळात रुग्णालयांतील आरोग्य कर्मचारी लस घेण्यासाठी सर्वप्रथम पुढे आले. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतील एका खोलीत सुरू झालेली परंपराच त्यांनी पुढे नेली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.